ऐनवेळी निघण्याचे शास्त्र, अर्थात येवलेकरांचे द्वीपगमन

कोणताही ग्रंथ लिहायचा तर आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय: उष्णकटिबंधातल्या बेटावरच्या, माणसाचा पाय न लागलेल्या किनाऱ्याला किंवा धबधब्याला आधी काहीही न ठरवता उठून जाणे. प्रयोजन: रविवार सत्कारणी लावणे. अधिकारी: येवल्याचा कोणताही रहिवासी, ज्याला गच्चीवर चढून चहूकडे पाहिले तरी समुद्र दिसत नाही. राहिला संबंध. विषय आणि अधिकारी यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, आणि म्हणूनच हे शास्त्र लिहिणे भाग पडले.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, येवला हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे, पैठणीचे, पतंगाचे आणि पाण्याच्या टँकरचे गाव. येथे बेट कुठले, किनारा कुठला आणि उष्णकटिबंध तरी कुठला? शेवटची शंका आधी निकालात काढू, कारण ती सोपी आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे, येवला २० अंशांवर. म्हणजे आमचे गाव उष्णकटिबंधात चांगले आतपर्यंत शिरून बसले आहे. ज्या होनोलुलुच्या नुसत्या नावाने लोक फुलाफुलांचे शर्ट शिवून घेतात ते २१ अंशांच्याही पुढे, काठावर पास झालेले. हे अनुमान झाले. प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल तर मे महिन्याच्या २० तारखेच्या आगेमागे दुपारी साडेबाराच्या सुमारास येवल्याच्या विंचूर चौफुलीवर उभे राहावे. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि स्वतःची सावली पायाखाली नाहीशी होते. ही सोय लंडन-पॅरिसला नाही, इतकेच काय दिल्लीलाही नाही. प्रयोग टोपी घालून केला तरी निष्कर्ष बदलत नाही.

याहून जबर पुरावा मॉरिशसचा. पृथ्वीचा नकाशा विषुववृत्तावर घडी घालून मिटला तर येवल्याच्या अक्षांशाची रेघ जाऊन मॉरिशसला लागते. आपण २० अंश उत्तर, ते २० अंश दक्षिण. त्यांच्याकडे चामरेलचा धबधबा आहे, प्रवाळाच्या आतला निळा समुद्र आहे आणि गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टीही आहे. ही सुट्टी तिथे पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर गेलेल्या मजुरांबरोबर; त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. प्रस्तुत शास्त्रात मात्र त्यांची गणना करता येत नाही. ते किनारा पाहायला गेले नव्हते, उसाच्या मळ्यात राबायला गेले होते, आणि करारावर अंगठा उमटवण्याआधी तिथे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना कोणी नीट सांगितले असेल असे वाटत नाही. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. हौसेने जाणाऱ्याने त्या पायऱ्या एकदा चढून पाहाव्यात. शर्टावरची फुले जरा फिकी वाटू लागतात.

आता समुद्राचा प्रश्न. येवला तालुक्यात समुद्र का नाही याचे उत्तर भूगर्भवाले त्यांच्या परीने देतील. पौराणिक उत्तर मात्र तालुक्यातच, अनकाईच्या किल्ल्यावर आहे. अनकाई-टंकाई ही जोडगोळी. टंकाईच्या पोटात जैन लेणी आणि अनकाईच्या माथ्यावर तळे आणि अगस्ती ऋषींचे स्थान. हे अगस्ती म्हणजे ज्यांनी समुद्र पिऊन टाकला तेच. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे. कालेय दैत्य समुद्रात दडून बसत, म्हणून देवांनी मुनींना साकडे घातले, मुनींनी समुद्र रिकामा केला, दैत्य उघडे पडले आणि मारले गेले. काम झाल्यावर देव म्हणाले, महाराज, आता पाणी तेवढे परत सोडा. मुनी म्हणाले, ते तर पचले. पुढे भगीरथाने गंगा आणली तेव्हा कुठे तो खड्डा भरला. असे गृहस्थ ज्या तालुक्याच्या डोक्यावर मुक्कामाला आहेत तिथे समुद्र शिल्लक राहीलच कसा? आम्हाला तर किल्ल्यावरच्या तळ्यात पाणी टिकते याचेच नवल वाटते.

तरीही समुद्र फार लांब नाही. येवल्यातून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटले तर डहाणूच्या आसपास तो लागतो, आणि सरळ रेषेत अंतर २०० किलोमीटरांच्या आतच भरते. कावळ्याला हे जमते. माणसाला मध्ये सह्याद्री आडवा येतो, आणि आमच्या सगळ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे. समुद्रावरून भरून आलेले ढग इगतपुरीला अडतात, तिथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पाडतात आणि त्याच जिल्ह्याच्या या टोकाला त्याचा पाचवा-सहावा हिस्सा घेऊन येतात. आमच्या वाट्याला येणारा ढग म्हणजे सहलीहून परतलेला पाहुणा: खिसा रिकामा, अंग ठणकतेय आणि बोलायला मात्र पुष्कळ.

जो काही पाऊस शहरावर पडतो त्याचीही तऱ्हा पाहा. पश्चिमेचा समुद्र जवळ असताना हे पाणी पूर्वेची वाट धरते. गोदावरीला मिळते आणि पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत करत बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. जवळचे ठिकाण सोडून लांबचे गाठायचे आणि वाटेत जो भेटेल त्याच्याकडे मुक्काम करायचा, हा स्वभाव पाण्याने येवलेकरांकडून घेतला की येवलेकरांनी पाण्याकडून, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

याच्या बरोबर उलटा प्रयोग म्हणजे मांजरपाडा. दिंडोरीच्या डोंगरातले जे पाणी पश्चिमेला उतरून अरबी समुद्राकडे जायचे ते अडवायचे, बोगद्यातून पूर्वेला वळवायचे आणि पुणेगाव, दरसवाडी करत आमच्या डोंगरगावापर्यंत आणायचे. आम्हाला समुद्राला जायला सवड नाही, तर समुद्राला निघालेल्यालाच वाटेत गाठून घरी घेऊन या, असा हा खास येवल्याचा विचार. त्याच्या चर्चेत कितीतरी निवडणुका पार पडल्या. ऐनवेळी निघण्याच्या शास्त्रात हे उदाहरण फक्त अपवाद म्हणून घ्यावे.

मूळ शब्दाचे लक्षण अजून राहिले. ‘आधी न ठरवता केलेले गमन ते ऐनवेळचे गमन’ असे म्हटले तर अतिव्याप्ती होते. कुत्रे मागे लागल्यावर पळणे आणि लाइट गेली म्हणून ओट्यावर येऊन बसणे हेही त्यात शिरते. ‘आधी न ठरवता मौजेसाठी केलेले गमन’ म्हटले तर अव्याप्ती. कारण अशा गमनात मौज बहुधा परत आल्यावर, सांगताना सुरू होते. खूप विचारान्ती आम्ही निर्दोष लक्षण केले आहे ते असे: ज्या गमनाचा निर्णय होतो तेव्हा घरी स्वयंपाक झालेला असतो, ते गमन ऐनवेळचे. हे लक्षण कोणत्याही घरात, शक्यतो स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, तपासून पाहता येते.

या विद्येचा आद्य पुरुष शोधायला गाव सोडून जावे लागत नाही. सेनापती तात्या टोपे यांचा जन्म १८१४ सालचा, येवल्यातला. १८५८ च्या जूनपासून पुढच्या वसंतापर्यंत इंग्रजांच्या तुकड्या त्यांच्या मागावर होत्या आणि आज रात्री त्यांचा मुक्काम कुठे पडेल हे त्यांतल्या एकालाही छातीठोक सांगता येत नव्हते. त्या धावपळीला सहल म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. नोंद एवढीच की मुक्काम आधी जाहीर न करण्याची विद्या या मातीत जुनी आहे. ती आज आम्ही भंडारदऱ्याला जाण्यासाठी वापरतो, हा काळाचा महिमा.

कार्य म्हटले की कारण आले. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात कारणाचे तीन प्रकार सांगून जे उदाहरण दिले आहे ते वाचून येवलेकराला भरून यावे. वस्त्राचे समवायी कारण तंतू, असमवायी कारण त्या तंतूंचा संयोग आणि निमित्त कारण धोटा, माग वगैरे. सतराव्या शतकातला हा पंडित; त्याचे उदाहरण मात्र आमच्या गल्लीतले. हेच सहलीला लावू. समवायी कारण चार-पाच मित्र. असमवायी कारण ते सगळे एकाच वेळी मोकळे असणे. निमित्त कारण कोणाच्या तरी मेव्हण्याची गाडी. मित्र गावात वाटेल तेवढे आहेत, गाडीही गोडीगुलाबीने मिळते. घोडे पेंड खाते ते नेमके असमवायीपाशी.

कारण पैठणी विणणारा माणूस दिसतो तितका मोकळा नसतो. हजेरीपुस्तक नाही, साहेब नाही, खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि वाटेल तेव्हा उठायचे, असे बाहेरच्याला वाटते. बाहेर हॉर्न वाजतो. ‘चल रे, भंडारदऱ्याला चाललोय.’ आत पदरावर मोर चालू आहे. मान अर्ध्यावर आली आहे. निळा, हिरवा, जांभळा, एकेका रंगाची छोटी कांडी आपापल्या जागी ताण्यावर टेकून आहे. कोणती कांडी किती तारांखालून न्यायची हे त्या घडीला फक्त त्याच्या बोटांना ठाऊक. आता उठला तर उद्या अर्धी सकाळ तारा मोजण्यात जाणार. ‘पाच मिनिटं थांबा, मान होऊ द्या.’ मान होते. मग डोके अर्धे कसे सोडायचे? डोके झाल्यावर चोच राहते, आणि चोचीवाचून मोर रात्रभर ठेवणे कोणाही कारागिराला बघवत नाही. गाडी निघून जाते.

गाडी गेल्यावर त्याच्या मागावर वाकून पाहावे. काठ कोणता? नारळी. ज्या शिवारात माणसे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्या शिवारातला माणूस पायांनी माग चालवत दिवसभर जरीत नारळ विणतो आहे, एकाला एक लागून, हातभर, वावभर, साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. किनारा घरी आणण्याची इतकी चोख युक्ती दुसऱ्या कोणाला सुचलेली आमच्या पाहण्यात नाही.

ओघात आले म्हणून सांगतो, गावाबाहेर जाण्याचा विषयही निघत नाही असे वर्षात तीनच दिवस: भोगी, संक्रांत आणि कर. तेव्हा सगळे येवला गच्चीवर असते, वर पतंग, हातात मांजाची आसारी, खाली हलकडी वाद्याचा दणका. त्या तीन दिवसांत कोणी मॉरिशसचे तिकीट फुकट दिले तरी ‘कर झाल्यावर बघू’ हेच उत्तर मिळेल.

बेटांकडे वळू. सर्वांत जवळचे बेट कोपरगावचे, गोदावरीतले, पंचवीसेक किलोमीटरांवर. तिथे कचेश्वर आहे, शुक्राचार्यांचे मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेला कच तीनदा मारला गेला आणि तिसऱ्या खेपेला तर गुरूच्याच पोटात गेला. बेटावर गेलेल्या माणसाचे इतके हाल अन्यत्र ऐकिवात नाहीत. पण हे गोड्या पाण्यातले बेट, शिवाय देवस्थान. तिथे निघताना घरी कोणी अडवत नाही, म्हणून शास्त्रदृष्ट्या त्याची किंमत कमी.

खरे उष्णकटिबंधीय बेट म्हणजे मुंबई. हसू नये. अक्षांश १९ च्या आसपास, चहूबाजूंनी खारे पाणी, एके काळी सात सुटी बेटे, खाजणे आणि माडांची वाडी. पोर्तुगालच्या राजाने १६६१ च्या तहात बहिणीच्या लग्नापायी ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केले आणि चार्ल्सने १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीकडे सोपवले. आज त्या भाड्यात तिथे चप्पल ठेवायला जागा मिळणार नाही, पण त्याने भूगोल बदलत नाही. या बेटाला जायला येवलेकराला विमान लागत नाही. मनमाड गाठायचे, पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून सकाळी नेते आणि रात्री आणून सोडते.

या मार्गाने घडलेली एक सहल नमुना म्हणून देतो. मामा-भाचे दादरला माल द्यायला गेलेले. दुकानदाराने निम्म्या पैठण्या ठेवून घेतल्या, निम्म्या परत केल्या. परतीच्या गाडीला अवकाश होता. भाचा म्हणाला, ‘मामा, चौपाटी बघून येऊ ना, वाटेवरच तर आहे.’ येवल्यात वर्षभर चर्चा करून जे ठरले नसते ते फलाटावर उभ्या उभ्या ठरले. गिरगावच्या वाळूत मामांनी पायजमा पोटरीपर्यंत दुमडला, चपला डाव्या हातात घेतल्या, साड्यांची पिशवी उजव्या हाताने डोक्याच्याही वर धरली आणि लाटेत जाऊन उभे राहिले.

‘मामा, पिशवी द्या इकडं, मी धरतो.’

‘ऱ्हाऊ दे. खारं पाणी लागलं जरीला तर तू भरणार का पैसे?’

लाट आली, घोट्यांना लागली, पायाखालची थोडी वाळू घेऊन गेली. मामांनी दुसऱ्या लाटेची वाट पाहिली नाही. ‘गार हाय,’ म्हणाले आणि गाडीला निघाले. आमच्या मते ही नोंदीत असलेली सर्वांत शुद्ध द्वीपसहल होय. आरक्षण नाही, सामान धंद्याचे, आणि फोटो एकही नाही, कारण हात मोकळे नव्हते.

धबधब्यांच्या बाबतीत नाशिक जिल्हा श्रीमंत आहे, पण सगळी श्रीमंती पश्चिमेला. गंगापूरजवळचा सोमेश्वर, त्र्यंबकेश्वरच्या बाजूचे दुगारवाडी आणि पहिने, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की भंडारदरा. यांतले बहुतेक आमच्यापासून शे-सव्वाशे किलोमीटर. पावसाळ्यात धोका वाढला की तिथे बंदीचे आदेश निघतात, आणि ऐनवेळी निघालेल्याला तो आदेश नेमका शेवटच्या नाक्यावर कळतो. दुगारवाडीसारख्या ठिकाणी वरच्या डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो. या एका बाबतीत शास्त्र बाजूला ठेवून पोलिसांचे ऐकावे.

भंडारदऱ्याचे प्रकरण मात्र सैद्धान्तिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. तिथला अंब्रेला फॉल पाहायला माणसे लांबून येतात, पण तो डोंगराने सोडलेला नाही. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणातून पाणी सोडतात तेव्हा तो पडतो, आणि पाणी बंद केले की थांबतो. म्हणजे धरणातून पडणाऱ्या पाण्याला धबधबा म्हणायला कोणाची हरकत नाही. मग आमच्या बंधाऱ्याच्या सांडव्याने काय घोडे मारले आहे? हा प्रश्न आम्ही अनेक जाणकारांना विचारला. उंचीचा मुद्दा काढून त्यांनी विषय टाळला. पाणी दीड पुरुष उंचीवरून पडले काय नि शंभर फुटांवरून पडले काय, पडण्याची जात एकच.

शिवाय ऐनवेळेपणाच्या कसोटीवर सांडवा सगळ्यांना मागे टाकतो. बंधारा कधी भरेल हे कोणी सांगू शकत नाही. कादवा नदीवरच्या पालखेड धरणातून डाव्या कालव्याला आवर्तन सुटले, वरच्या गावांनी घेऊन उरलेले चारीला आले आणि वरून एखादा दणकून पाऊस झाला, तर तळ गाठलेला बंधारा रात्रीत काठोकाठ होतो. पहाटे कोणीतरी ओरडतो, ‘सांडवा चालू झाला!’ आणि चुलीवरचा चहा तसाच टाकून गाव निघते. पोरे पाण्याखाली डोके धरतात. म्हातारी माणसे काठावर उभी राहून गढूळ पाण्याकडे बघतात आणि मनातल्या मनात कांद्याचा हिशेब करतात. बायका ओटी भरतात. दुपारपर्यंत जलपूजनाला पुढारी येतात, एक सकाळी आणि त्याचा विरोधक दुपारी, नारळ दोन्ही वेळा फुटतो. समुद्रकिनारी नारळ झाडावरून पडतो. आमच्याकडे तो पाणी आल्यावर फुटतो.

शेवटचे प्रकरण अस्पर्शिततेचे, आणि तेच सर्वांत अवघड. माणसाचा पाय न लागलेला किनारा म्हणजे नक्की काय? नैयायिकांनी अभावाचे प्रकार सांगितले आहेत ते इथे फार उपयोगी पडतात. वस्तू निर्माण होण्याआधी तिचा जो अभाव तो प्रागभाव. त्याला सुरुवात नसते, पण शेवट असतो. किनाऱ्यावरच्या चिप्सच्या पाकिटाचा प्रागभाव सृष्टीच्या आरंभापासून होता. आपली गाडी थांबली आणि मागचे दार उघडले, तिथे तो संपला. नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. तिथल्या शांततेचा प्रध्वंसाभाव गाडीतला स्पीकर लागल्या क्षणी सुरू होतो. तिन्ही काळांत नसणे तो अत्यंताभाव, जसा येवल्यात समुद्राचा. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे: सहलीला गेलेला माणूस किनारा पाहतो तेव्हा हाच तो फोटोतला, असे त्याला कधीच वाटत नाही.

मालवणच्या बाजूला देवबागजवळ, कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे एक बेट आहे. त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात आणि ते २००४ च्या त्सुनामीनंतर वर आले असे सांगतात. इतके नवे कोरे बेट की त्यावर पूर्वजांचाही पाय लागलेला नाही. आज तिथे बोटींची रांग आहे, पाण्यावरचे खेळ आहेत आणि खाण्यापिण्याच्या टपऱ्याही आहेत. यात देवबागच्या लोकांचा दोष नाही, त्यांची चूल त्यावर पेटते. दोष असलाच तर अस्पर्शित जागेच्या व्याख्येत आहे, कारण ती पाहायला जो जाईल त्याला ती पाहता येत नाही. यावरून निघणारा निर्णय आम्ही भीडभाड न ठेवता नोंदवतो: जगातल्या तमाम अस्पर्शित किनाऱ्यांची सर्वांत जास्त सेवा जर कोणी केली असेल तर ती मोराची चोच राहिली म्हणून गाडीत न बसलेल्या विणकराने.

ज्यांना हे मत पटत नसेल त्यांनी पावसाळ्याच्या उत्तरार्धात येवल्याला यावे आणि सांडवा स्वतः पाहावा. त्यावर शेवाळ असते, वाहत्या पाण्यात चढू नये. आणलेली पाकिटे परत न्यावीत. निघण्याआधी कळवू नये, नाहीतर शास्त्राचा भंग होतो. जेवायला थांबणार असाल तर मात्र आदल्या दिवशी फोन करावा.